गाठ गेल्याची साक्ष

३ ऑगस्ट, रविवार

सुकापूरच्या हॉलमध्ये आज आमची पहिली उपासना झाली. खाली हार्डवेअरचं दुकान आहे, ते रविवारीही उघडं असतं. सत्यजीत प्रार्थना करत होता आणि खाली कोणीतरी लोखंडी पाइप उतरवत होतं, त्यामुळे त्याच्या प्रत्येक वाक्याच्या शेवटी धाडकन आवाज व्हायचा. मला हसू येत होतं. डोळे मिटूनच ठेवले.

शेवटी त्याने दोन्ही हात वर केले आणि सगळ्यांना आशीर्वाद दिला. तोवर मी डोळे उघडले होते. पनवेलच्या ज्या जुन्या चर्चमध्ये मी लहानाची मोठी झाले, तिथे दीक्षा झालेल्या पाळकांशिवाय कोणी हात वर करत नाही. पाळकसाहेब परगावी गेले आणि मंडळीतल्या कोणी उपासना चालवली, तर तो हात जोडतो, प्रार्थना करतो आणि खाली बसतो. माझा नवरा तर न्हावा शेव्याला कंटेनरच्या गोदामात सुपरवायझर आहे. घरी येताना मी तसं म्हटलं. "हात वर करायला कोणाची परवानगी लागते, सोफी? पोलिसांची?" तो म्हणाला. जुन्या चर्चच्या पंचांशी त्याचं याच गोष्टींवरून बिनसलं आणि आम्ही बाहेर पडलो. त्यांच्या प्रार्थना म्हणजे अर्ज असतात, आणि अर्ज करणाऱ्याला काही मिळत नाही, असं तो म्हणतो.

माझ्या डाव्या बाजूच्या गाठीची सुईची तपासणी शुक्रवारी झाली. रिपोर्ट बुधवारी येईल. शाळेत माझ्या वर्गाच्या चाचण्या आहेत, म्हणून कामावरून येताना तोच घेऊन येणार आहे. आज सभेत त्याने माझं नाव घेतलं नाही, पण "आमच्या घरावर एक सावली आली आहे, ती आम्ही घालवून देतो" असं म्हणाला. सगळ्यांना कळलं असं मला वाटलं. मी उगाच ओढणी सारखी केली.

६ ऑगस्ट, बुधवार

"काही नाही. निरोगी आहेस तू."

दारातच म्हणाला, पायात बूट तसेच. मी गॅस बंद केला. मग विचारलं, "डॉक्टर नेमकं काय म्हणाल्या?"

"सांगितलं ना. निरोगी. हा शब्द धरून ठेव. दुसरा कुठला शब्द या घरात नको."

रिपोर्ट मागितला तर म्हणाला, तो डॉक्टरांकडेच राहू दे, त्यांचं काम त्यांच्याकडे आणि आपलं आपल्याकडे. मग माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडला. अंग गदगदत होतं. इतक्या वर्षांत त्याला असं रडताना पाहिलं नाही, त्याची आई गेली तेव्हाही नाही. माणूस सुटकेने इतका रडू शकतो हे मला माहीत नव्हतं. मी त्याला थोपटत राहिले. जेवला मात्र चार घासच.

वॉचमन भगवान पाण्याच्या टाकीचं सांगायला वर आला होता. म्हणाला, "साहेबांची गाडी बिघडलीय काय? मघाशी खाली बराच वेळ गाडीवर तसेच बसले होते." प्रार्थना करत असेल.

आम्हाला मूल झालं नाही. जुन्या चर्चमध्ये बायका म्हणायच्या, देव आशीर्वाद देईल हो तुला. काही वर्षांनी म्हणायच्या बंद झाल्या. बंद झाल्या तेव्हा जास्त लागलं. दर वर्षी कोणाच्या तरी बाळाचा बाप्तिस्मा असायचा आणि पाळकसाहेब म्हणायचे, देवाने या कुटुंबाला आशीर्वादित केलं आहे. मी गाणं म्हणायची, सूर सांभाळून. आज पहिल्यांदा वाटतंय की त्याने माझ्याकडेही वळून पाहिलं.

१० ऑगस्ट, रविवार

आज साक्ष दिली. देवाने आपल्यासाठी काय केलं ते मंडळीसमोर उभं राहून सांगायचं, तिला आमच्यात साक्ष म्हणतात. मी शाळेत मराठी शिकवते, बोलायची सवय आहे, तरी वाक्यं तोकडीच आली. गाठ होती, प्रार्थना झाली, रिपोर्ट निर्मळ आला, एवढंच बोलून बसत होते.

"सांगा ना, सिस्टर. प्रभूने त्या गाठीचं काय केलं?" सत्यजीत म्हणाला. घरी सोफी आणि हॉलमध्ये सिस्टर.

"विरघळवली," मी म्हटलं.

हे मला कोणी सांगितलं नव्हतं. ते आपोआप तोंडातून आलं, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

नंतर गोदू नावाची एक बाई जवळ आली. उरणकडच्या गावची. त्यांची पूर्वी मिठागरं होती, आता मुलगा ट्रेलर चालवतो. ख्रिस्ती नाहीत, कोणीतरी सांगितलं म्हणून आली होती. तिने माझा हात धरून आपल्या गालाला लावला. "तुज्यावर देवाचा हात हाय, सोपीबाय. माज्या पायाला जरा लाव तो." तिला साखरेचा आजार आहे, टाचेला जखम. मी खाली वाकून हात लावला. पाय गार होता.

घरी येताना सत्यजीतने माझा हात धरला, रस्त्यावर, सगळ्यांसमोर. असं तो कधी करत नाही.

२४ ऑगस्ट, रविवार

गाठ आहे.

इथेच लिहिते, दुसरीकडे बोलायची सोय नाही. अंघोळ करताना हात तिथे जातो आणि मी तो पटकन काढून घेते, जणू कोणाच्या घरात चोरून बघतेय. पूर्वीपेक्षा लहान आहे असं स्वतःला सांगते. लहान नाही.

जेवताना सत्यजीतला सांगितलं. त्याने ताटावरून वर पाहिलं नाही. "झाड मुळातून कापलं तरी पानं काही दिवस हिरवी राहतात. तू पानांकडे बघू नकोस." त्याची उदाहरणं चांगली असतात.

"डॉक्टर म्हणाल्या होत्या का, गाठ राहील म्हणून?"

"सोफी, आपण जे तोंडाने बोलतो ते आपलं होतं. आजार म्हटलंस की आजार आत येतो. बरी आहे म्हण."

"बरी आहे."

"अजून एकदा."

मी म्हटलं. मग आमटी वाढली.

हॉल आता भरतो. मला बघायला येतात असं सत्यजीत गंमतीने म्हणतो. बायका माझ्या ओढणीच्या टोकाला हात लावतात. आज एका बाईने तिच्या तापलेल्या बाळाला माझ्या मांडीवर ठेवलं. मी बसून राहिले आणि ते बाळ माझ्या मांडीवर झोपलं. मला ते परत द्यावंसं वाटेना.

दमयंतीताईंची आठवण येते. जुन्या चर्चमध्ये त्या माझ्या पुढच्या बाकावर बसायच्या. मला ज्याची भीती वाटली होती, तोच आजार त्यांना होता. शेवटी शेवटी डोक्याला रुमाल बांधून यायच्या आणि गाणं सगळ्यांत मोठ्याने म्हणायच्या. त्यांच्यासाठी आम्ही सगळ्यांनी उपास केले होते. माझ्यावर आशीर्वाद झाला, म्हणजे त्यांच्यावर झाला नाही का? सत्यजीतला विचारलं तर म्हणेल, त्यांचा विश्वास कमी पडला. मला ते ऐकायचं नाही, म्हणून विचारत नाही.

३० ऑगस्ट, शनिवार

गोदू घरी आली. तिच्याकडे गणपती आहेत, तरी वेळ काढून डबा घेऊन आली.

"खा. परसाद हाय. तुमच्या देवाला चालल ना?"

"चालेल."

"नाय चालला तर सांगू नको त्याला."

दोघी हसलो. चहा झाला, सुनेच्या तक्रारी झाल्या. मग ती सहज म्हणाली, "मी बी सुई सोरली. पोट टोचून टोचून चालन झालेली. तुजी गाठ इरघलली, तं माजी साखर काय मोठी लागून गेली?"

मी विचारलं, "डॉक्टरांना विचारलंस का?"

"तू इचारलवतं?"

मी उठले. डबा घासून परत दिला. संध्याकाळी सत्यजीतला सांगितलं तेव्हा तो खूश झाला. "बघ, तुझ्या साक्षीने एका बाईचा विश्वास उभा केला. आता तिच्या वाटेत उभी राहू नकोस." मला फोन करून गोदूला सांगायचं होतं की सुई घेत जा. तिचा नंबर काढला आणि फोन परत ठेवला. सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, तुला मिळालं ते मला का नाही मिळणार? या प्रश्नाला मी काय सांगणार होते?

१३ सप्टेंबर, शनिवार

मासळी बाजारात प्रभाकरकाका भेटले. आमचे जुने पाळकसाहेब, माझं लग्न त्यांनीच लावलं. आता निवृत्त झालेत. बांगड्यांच्या टोपलीसमोर पिशवी घेऊन उभे होते.

"काय सोफी, तुमच्याकडे म्हणे कोणी आजारीच पडत नाही. आमच्याकडे अजून सर्दी होते बुवा."

मला राग आला. "चेष्टा नका करू, काका. माझी गाठ गेली."

त्यांचा चेहरा बदलला. पिशवी खाली ठेवली. "गाठ? मला कोणी सांगितलंच नाही. गेली ना पण? फार चांगलं झालं, पोरी." आणि चक्क डोळे पुसले. ते खरोखर आनंदले होते. ते बघून मलाच रडू यायला लागलं, कशाचं ते कळेना. रडू दाबायला मी भांडले.

"दमयंतीताईंना तुम्ही दर रविवारी आशीर्वाद द्यायचात. कुठे गेला तो?"

कोळीण आमच्या दोघांकडे बघत होती. काकांनी एक बांगडा उचलला आणि परत टोपलीत ठेवला.

"कुठे जाईल? त्यांच्याबरोबर होता तो. गेला नाही म्हणून तर त्या शेवटच्या रविवारपर्यंत चालत आल्या. हात वर करताना मी कोण बरं आणि कोण आजारी हे बघत नाही, सोफी. बघितलं तर हात वर व्हायचेच नाहीत." मग कोळिणीला म्हणाले, "अगं, डोकी नको काढू, मला लागतात ती."

मला उत्तर पटलं नाही. आजारी माणसाला आजारीच ठेवणारा आशीर्वाद काय कामाचा? असले पाळक होते म्हणून आम्ही बाहेर पडलो. मासे न घेताच घरी आले.

२७ सप्टेंबर, शनिवार

आज शाळेत पालकसभा होती. लिहायला हात उचलत नाही, पण लिहिते.

माझी तपासणी केली त्या डॉक्टर मनस्वी भोईर. त्यांचा मुलगा माझ्या वर्गात आहे. तपासणीच्या दिवशी त्यांनी मला ओळखलं होतं आणि आम्ही हसलो होतो. आज त्या समोर येऊन बसल्या. मी त्यांच्या मुलाच्या निबंधांविषयी बोलत होते. त्या ऐकत होत्या, पण नजर माझ्या केसांवर होती.

"मॅडम, केमो अजून सुरू केली नाही का? आधी ऑपरेशन करायचं म्हणतायत?"

"कोण?"

"मुंबईला ज्यांना दाखवताय ते."

मी म्हटलं, "माझा रिपोर्ट निर्मळ आला ना."

त्या उठल्या. बाहेर पालक उभे होते, त्यांना "एक मिनिट हं" म्हणून वर्गाचं दार लावलं आणि माझ्या बाजूच्या बाकावर येऊन बसल्या, मुलं बसतात तशा.

"हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

मी सांगितलं नाही. त्यांना कळलं.

"मी त्यांना समोर बसवून सांगितलं होतं. कॅन्सर आहे, लवकर सापडलाय, उशीर करू नका. ते म्हणाले, ती घाबरेल, मी माझ्या पद्धतीने सांगतो. नंतर मी फोन केला, तर म्हणाले मुंबईला दाखवतोय." मग थांबून म्हणाल्या, "चूक माझीही आहे, मॅडम. पेशंट तुम्ही होतात. नवरा आला म्हणून मी त्यांना सांगून मोकळी झाले."

लवकर सापडला होता.

त्या गेल्यावर बाकीच्या पालकांना भेटले. धनेशची आई म्हणाली, तो घरी मराठी बोलतच नाही. मी म्हटलं, रोज थोडं मोठ्याने वाचून घ्या. ती हो म्हणाली. सगळं नेहमीसारखं चाललं होतं, फक्त माझा आवाज मला लांबून ऐकू येत होता.

२८ सप्टेंबर, रविवार

आज हॉलवर गेले नाही. काल संध्याकाळचं लिहिते.

सत्यजीतला चहा दिला आणि म्हटलं, "डॉक्टर भोईर भेटल्या."

"सभेतल्या कोणाला बोललीस का?"

हा त्याचा पहिला प्रश्न. जसाच्या तसा लिहून ठेवते, कारण मी माझा स्वभाव ओळखते. काही दिवसांनी मी त्याला माफ करायला लागेन आणि हा प्रश्न विसरेन.

"तू माझ्याशी खोटं बोललास."

"खोटं नाही. विश्वासाने बोललो. डोळ्यांना दिसतं ते बोलायला विश्वास लागत नाही, सोफी. जे अजून दिसत नाही ते झालं म्हणून बोलायचं असतं. तू स्वतः हे सभेत मान्य केलंस."

"मी तुला विचारलं होतं डॉक्टर काय म्हणाल्या. देव काय म्हणाला ते नव्हतं विचारलं."

त्याने कप खाली ठेवला. मग हळू आवाजात म्हणाला, "आई दवाखान्यात चालत गेली होती. त्यांनी तिला तो शब्द सांगितला, आणि घरी येऊन ती जी आडवी झाली ती परत उठली नाही. आजाराने नाही, त्या शब्दाने मेली ती. तो मी तुझ्या कानावर पडू द्यायचा?"

"तुझ्या कानावर पडलाच ना? तू जिवंत आहेस."

तेव्हा तो रडला. अगदी त्या बुधवारसारखा, तसाच गदगदून. आणि मला कळलं की त्या दिवशी तो माझ्या मरणासाठी रडत होता आणि मी त्याला आनंद समजून थोपटत होते. एवढं मोठं दुःख माझ्याच मांडीवर होतं आणि ते माझं आहे हे मला सांगितलं गेलं नाही.

काल मी थोपटलं नाही.

थोड्या वेळाने तो म्हणाला, "आत्ता हे बाहेर आलं तर त्या लोकांच्या विश्वासाचं काय होईल?"

"आणि माझं?"

"तू बरी आहेस," तो म्हणाला. अजूनही.

१ ऑक्टोबर, बुधवार

सकाळी डॉक्टर भोईरांच्या ओळखीने मुंबईच्या डॉक्टरांची वेळ घेतली. दुपारी कळलं की गोदू पनवेलच्याच एका दवाखान्यात आहे. गेले.

सून वॉर्डच्या दारात उभी होती. "या, सिस्टर. तुमचा देव लय भारी. सुई नको, गोली नको. दोन बोटा कापली तिची. बाकीचा पाय र्‍हातो का नाय ते परवा सांगतील."

"येवं दे तिला," आतून गोदू म्हणाली.

पायाला मोठं बँडेज होतं. मी स्टुलावर बसले. "गोदू, माझी गाठ गेली नव्हती. आहे ती. कॅन्सर आहे मला."

तो शब्द मी पहिल्यांदा तोंडाने उच्चारला. काहीच झालं नाही. पंखा फिरत होता, शेजारच्या खाटेवरची बाई मोसंबं सोलत होती.

"तुला म्हाईत व्हता?"

"नाही."

"मंग कोनी फसवला? नवऱ्यानी?"

मी मान हलवली. ती छताकडे बघत पडून राहिली. मग म्हणाली, "त्याला बायको जगवायची व्हती, म्हून तो बोलला. तू मला कशाला बोललीस? मी तुजी कोन?"

 माझ्याकडे वळून पाहिलं गेलं हे कोणाला तरी दाखवायचं होतं, असं मी तिला कसं सांगू? "सुई सोडू नकोस" एवढे तीनच शब्द लागत होते, नंबर समोर होता.

निघताना तिने माझ्याकडे पाहिलं नाही. मी तिच्या पायाला हात लावला नाही.

५ ऑक्टोबर, रविवार

हॉलवर गेले. साक्षीची वेळ आली तेव्हा मी उभी राहिले. सत्यजीतने नको म्हणून मान हलवली, पण लोक माझ्याकडे बघून आधीच हसायला लागले होते.

मी म्हटलं, "माझी गाठ गेली नाही. मला कॅन्सर आहे, आणि मी उपचार घेणार आहे. मी सांगितलेलं ऐकून कोणी औषध बंद केलं असेल, तर आजच सुरू करा. गोदूने बंद केलं होतं. तिची बोटं कापावी लागली."

मागून कोणीतरी म्हणालं, "प्रभूची स्तुती असो." सवयीने. दर साक्षीनंतर म्हणतात तसं. कोणी हसलं नाही. मग खुर्च्या सरकल्याचे आवाज झाले. ज्या बाईने बाळ माझ्या मांडीवर ठेवलं होतं, तिने ते उचलून दुसऱ्या कडेवर घेतलं.

सत्यजीत पुढे आला. मला वाटलं आता तरी बोलेल, 'रिपोर्ट मला कळला होता, सोफीला माहीत नव्हतं.' तो म्हणाला, "आपल्या सिस्टर सध्या एका परीक्षेतून जात आहेत. त्यांचा विश्वास डळमळला आहे. त्यांच्यासाठी प्रार्थना करू या."

आणि त्याने दोन्ही हात वर केले.

मी त्या हातांखालून चालत बाहेर आले आणि जिना उतरले. खाली हार्डवेअरवाल्याने विचारलं, "आज लवकर सुटलं काय?"

१२ ऑक्टोबर, रविवार

माहेरी, भावाकडे आहे. इनॉक काही विचारत नाही, फक्त रोज ताजी मासळी आणतो. त्याला वाटतं मी खाल्लं की बाकीचं बघता येईल.

सकाळी जुन्या चर्चमध्ये गेले, शेवटच्या बाकावर बसले. दमयंतीताईंच्या जागी आता कोणी नवीन बाई बसते. नवीन पाळक तरुण आहेत. आशीर्वादाच्या वेळी सगळ्यांनी माना खाली घातल्या. मी नाही घातली. न मागणाऱ्याला मिळतं का ते बघायचं होतं. मी त्यांच्याकडे सरळ बघत उभी राहिले. त्यांचे डोळे मिटलेले होते. त्यांना दिसतच नव्हतं कोण मान खाली घालून उभं आहे आणि कोण नाही.

मी देवावर रागावले आहे. सत्यजीतपेक्षा जास्त. सत्यजीतने मला एक खोटी गोष्ट दिली, पण ती घ्यायला मी इतकी आतुर का होते? इतकी वर्षं मला कोणी उपाशी ठेवलं होतं?

दुपारी गोदूच्या सुनेचा फोन आला. पाय राहिला. एवढंच म्हणाली आणि ठेवला. पण केला.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार

आज बसून लिहिता येतंय. डावा हात उशीवर आहे. ऑपरेशन सोमवारी झालं. लांबवलं असतं तर आणखी पसरला असता, आताही थोडा पसरला होताच, असं मुंबईचे डॉक्टर म्हणाले. पुढे केमो आहे. फुकट गेलेल्या दोन महिन्यांत काय काय झालं असतं आणि काय नसतं झालं, हे त्यांनी सांगितलं नाही. मी विचारलंही नाही.

सोमवारी सकाळी सत्यजीत आला. मी बोलावलं नव्हतं, इनॉकने कळवलं असणार. दाढी वाढलेली. थर्मासमध्ये चहा आणला होता, आणि मला काही प्यायचं नव्हतं हे त्याच्या लक्षात नव्हतं. थर्मास हातातच धरून उभा राहिला. हॉलवर आता फार कोणी येत नाही असं म्हणाला.  स्ट्रेचर यायची वेळ झाली तेव्हा त्याने थर्मास खाली ठेवला आणि हात माझ्या डोक्याकडे नेला.

मी त्याचं मनगट धरलं. "आधी सांग, मला काय झालंय."

"आता नको, सोफी."

"डॉक्टर म्हणाल्या. मी म्हटलं. तू एकदाही म्हणाला नाहीस."

तो इकडेतिकडे बघायला लागला. शेजारच्या खाटेवरच्या आजी उघडपणे ऐकत होत्या. "सांगा हो," त्या म्हणाल्या, "बायको विचारतेय तर."

त्याचे ओठ हलले, आवाज आला नाही. शेकडो माणसांसमोर बोलायची तयारी असलेला माणूस. मी मनगट सोडलं नाही.

"कॅन्सर," तो म्हणाला.

"कोणाला?"

"तुला." मग पुन्हा, माझ्याकडे न बघता, "माझ्या बायकोला कॅन्सर आहे. आणि मी तिच्यापासून लपवलं." हे तो मला सांगत नव्हता. कोणाला सांगत होता ते मला कळलं, म्हणून मी मध्ये बोलले नाही.

"आता ठेव हात," मी म्हटलं.

त्याने ठेवला. नेहमीचे शब्द येतील म्हणून मी वाट बघत होते. आले नाहीत. बरी हो म्हणाला नाही, बरी झालीस म्हणाला नाही. काही मागितलं नाही. नुसता हात होता, घामट, आणि त्याच्याखाली मी होते, गाठीसकट. देवाचं तिकडे लक्ष असेल, तर त्याला त्या वेळी दोन खरी माणसं दिसली असतील. मला दुसरं काही म्हणता येत नाही. प्रभाकरकाकांना हाच आशीर्वाद म्हणायचा होता का, कधीतरी विचारीन.

मी त्याला माफ केलेलं नाही. इथून सुटल्यावर इनॉककडे जायचं ठरलंय. सत्यजीतलाही माहीत आहे. त्याचा पहिला प्रश्न मी मागची पानं उलटून परत वाचला, आणि तो अजून तितकाच लागतो.

आज दुपारी तो पुन्हा आला होता. "कशी आहेस?"

"दुखतंय," मी म्हटलं.

 त्याने खुर्ची पुढे ओढली, बसला आणि विचारलं, "कुठे?"